साहेब आत आहेत

त्या सकाळी वारा असा सुटला होता की दोरीवरचे कपडे आडवे उडत होते. कोरडा, खरबरीत वारा. आठवडा झाला तरी त्याचं तोंड बंद होत नव्हतं. अशा वाऱ्यात खळ पातळ करून भागत नाही. कागद दाराला टेकवायच्या आत ती सुकते आणि कागद हातातून निसटून गल्लीभर हिंडतो. म्हणून बेलिफ स्टोव्हपुढे उकिडवा बसून मैदा घट्ट घोटत होता. एक गाठ राहिली तरी कागदाला फोड येतो, आणि फोड आलेला कागद लोक जाता-येता नखाने सोलतात, हे त्याने नोकरीत कमावलेलं शास्त्र.

"दुधाचं पातेलं घेतलंत ना परत?" बायको आतून म्हणाली. बघायला बाहेर आलीसुद्धा नाही. वासावरून कळलं तिला.

"घासून देतो."

"मागच्या वेळी घासूनच दिलं होतंत. दूध फाटलं. एवढं मोठं कोर्ट, त्याला एक पातेलं जड झालं?"

"कोर्ट शिक्का देतं. शिक्क्यात मैदा शिजत नाही."

"मग सांगा तुमच्या जज्जबाईंना, म्हणावं आमच्या घरी दूध नासतंय, त्यावर एक हुकूम काढा."

"काढतील. पण तो बजावायला मीच येणार, आणि तू दारातून सांगणार, घरात कुणी नाही."

ती हसली नाही, पण भांडंही आदळलं नाही. म्हणजे सकाळ बरी चालली होती.

शहरात त्याला डकव्या म्हणत. कोर्टाचा कागद कुणी हातात घेतला नाही की तो दारावर डकवून जायचा, त्यावरून. बायकोला बाजारात डकवीण म्हणत, आणि त्याचा राग तिने पातेल्यावरून काढायचा, अशी त्या घराची जुनी रीत होती. माणूस लांब पायांचा, मान जरा पुढे काढून चालणारा. चपलांचे तळ आतल्या बाजूने झिजलेले. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात एका कप्प्यात कागद, दुसऱ्यात खळीचा डबा आणि ब्रश. कुत्री त्याला ओळखायची आणि भुंकायची नाहीत. माणसं ओळखायची आणि आत पळायची.

लपण्याचे नाना प्रकार त्याने पाहिले होते. एक जण पलंगाखाली आडवा झाला होता आणि बायको दारात सांगत होती, परगावी गेलेत, महिना झाला, तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, तुमचा पाय बाहेर आलाय." एकाने स्वतःच दार उघडून, तो वारला म्हणून सांगितलं होतं आणि डोळ्यांत पाणीही आणलं होतं. डकव्या कुणावर चिडला नाही. कागद घेऊन येणाऱ्याला कोण या म्हणणार? त्याचा नेम ठरलेला. कागद हातात द्यायचा, कशाचा आहे ते दोन वाक्यांत सांगायचं, सही घ्यायची आणि निघायचं. तिथे रेंगाळायचं नाही. रेंगाळलं की माणूस भांडणातला एक होतो, असं तो म्हणायचा.

कोर्टाबद्दल बोलायला लागला की तो कधीमधी पाय पुढे करून दाखवायचा. "हे बघा. प्रशासक साहेबांकडे मशिनं आहेत, गाड्या आहेत, माणसं आहेत. नगरसभेकडे तिजोरी आहे. जज्जबाईंकडे काय आहे? एक टेबल, एक पेन आणि हे." मग पाय आत घ्यायचा.

त्या दिवशी कोर्टात पोचला तर नाझर पायरीवरच उभा. नाझर म्हणजे बेलिफांचा मुकादम. कुणी कुठला कागद न्यायचा हे तो वाटून देतो. एरवी हा माणूस खुर्चीतून हलवायचा तर क्रेन लागेल, असं बेलिफ मागे म्हणत. तो पायरीवर आला होता म्हणजे काम तसंच होतं.

"ओळीची स्थगिती मिळाली," तो म्हणाला. "आत्ता, बाई बसल्या बसल्या. प्रशासक साहेबांच्या हातात जायला हवी, आजच. पाडायचं मशीन दुपारचं लागणार आहे म्हणतात."

ओळ म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून असलेली दुकानांची रांग. पुढे दुकान, मागे राहायची खोली. घड्याळवाला, चाव्या करणारा, गाद्या भरणारा, आणि टोकाला शिलाईवाली बाई. तिचा सासरा मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. त्याला कुशीवर वळवायचं झालं तरी गादीवाल्याला हाक मारावी लागायची. रस्ता रुंद करायचा म्हणून नगरसभेने ठराव केला होता आणि ओळ पाडायचं काम प्रशासकाकडे दिलं होतं. ओळीतल्यांचं म्हणणं, आम्हाला कुणी विचारलं नाही, आमचं कुणी ऐकलं नाही. ते कोर्टात गेले. दोन्हीकडचं ऐकून होईपर्यंत एक वीटही हलवायची नाही, एवढा तो हुकूम होता.

"दारावर कोण असतं माहीत आहे ना?" नाझराने विचारलं.

"माहीत आहे."

प्रशासक साहेबांच्या दारावर जो शिपाई बसायचा, तो डकव्याचा व्याही. एकुलती एक लेक त्या घरात दिलेली. ऑफिसच्या मागेच कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स होती, दोन खोल्या, वर पक्कं छप्पर. व्याह्यांची नोकरी तोवर ते घर. मुलीचा बाप म्हणून डकव्याने त्या माणसाशी कधी मान वर करून वाद घातला नव्हता. ते म्हणाले चहा गोड झालाय, की हा म्हणायचा, हो, अंमळ गोडच. ते म्हणाले आज उकडतंय, की याने स्वेटर काढलाच म्हणून समजा. बायको चिडवायची, "व्याही म्हणाले रात्र झाली, तर दुपारी अंथरूण घालाल."

तो सायकलवरून निघाला तेव्हा वारा समोरून होता.

प्रशासक कार्यालयाचा वरचा मजला. लांब बोळ, दोन्हीकडे कपाटं, आणि टोकाला पितळी मुठीचं दार. दाराशी स्टूल. व्याही उठून उभे राहिले. पोट जरासं सुटलेलं, पण पट्टा घट्ट, पितळी बिल्ला घासलेला.

"या, या व्याहीबुवा! आज इकडे कसे? लेकीला भेटायला मागच्या जिन्याने जायचं असतं."

"लेकीकडे नाही, तुमच्याचकडे. साहेबांच्या हातात एक द्यायचं होतं."

व्याह्यांची नजर पिशवीवर गेली आणि परत वर आली. "साहेब नाहीत," ते म्हणाले. "दौऱ्यावर गेलेत."

तेवढ्यात दाराआडून कुणी तरी खोकलं. चांगला भरदार, घशातला खोकला. व्याह्यांनी लगेच तोंडावर मूठ धरून स्वतः खोकून दाखवलं.

"या वाऱ्याने घसा धरलाय," ते म्हणाले. "तुम्हाला नाही झालं काही?"

"मलाही जरा धरल्यासारखं वाटतंय," डकव्या म्हणाला. सवयीने.

 डकव्याला विचारता आलं असतं. दुसऱ्या कुणाचं दार असतं तर त्याने विचारलंच असतं, आत कोण खोकलं हो? पलंगाखालचा पाय दिसल्यावर तो कुठे गप्प बसला होता? पण समोर व्याही होते. व्याह्यांना तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे संध्याकाळी लेकीच्या ताटात काय पडेल, या हिशेबाने त्याने प्रश्न गिळला.

बाहेरून आलेले कागद घेणाऱ्या आवकच्या खिडकीत त्याने विचारून पाहिलं. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "कोर्टाचं असेल तर साहेबांच्याच हातात. आम्ही घ्यायचं नाही, असं सांगितलंय." दारावर डकवायचं म्हटलं तर त्यालाही रीत आहे: घेणाऱ्याने नाकारलं, किंवा आत असून दार उघडलं नाही, असं लिहावं लागतं, आणि कुणाच्या समक्ष डकवलं त्याचं नाव घालावं लागतं. साहेब नाहीत म्हणून सांगणाऱ्या व्याह्यांकडेच, साहेब आत होते म्हणून सही मागायची? त्याने बोळात नजर फिरवली. कपाटांआडची सगळी डोकी कामात बुडाली होती. इतकं काम त्या कार्यालयात एरवी कधी होत नसावं.

"बरं, येतो मग," तो म्हणाला.

"चहा तरी—"

"पुन्हा कधी."

कोर्टात परत येऊन त्याने अहवाल दिला. साहेब भेटले नाहीत. दौऱ्यावर असल्याचे दारावरील शिपायाने सांगितले.

जज्जबाईंनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. बाई बारीक चणीच्या, आवाज खालचा. तो ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागायचं, आणि त्या कधीही तो मोठा करत नसत.

"बेलिफ, तुम्ही स्वतः खात्री केली?"

तो उभा राहिला. उत्तर तयार होतं, पण तोंडातून वेगळंच आलं. "दारावर माझे व्याही असतात, बाईसाहेब."

मागच्या बाकांवर कुणी तरी फिस्कन हसलं. बाईंनी तिकडे पाहिलं आणि ते थांबलं.

"हे अहवालात नाही."

"नाही."

"आत कुणी होतं?"

"खोकल्याचे आवाज दोन आले. एक आतून. एक व्याह्यांचा."

या वेळी कुणी हसलं नाही. ओळीचा वकील ताडकन उठला. "बाईसाहेब, मशीन निघालंय. माझी माणसं रस्त्यावर उभी आहेत. आपण स्वतः पाच मिनिटं तिथे आलात ना, तर त्याची टाप नाही पुढे सरकायची. आपल्याला बघून ते थांबेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पंखा फिरत होता, बाहेर वाऱ्याने कुठली तरी खिडकी आपटत होती.

"मला बघून थांबलं तर काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या ओळीपुढे मी नसेन. ते हुकूम वाचून थांबायला हवं. आणि मी तिथे जाऊन उभी राहिले की मी त्या गर्दीतली एक बाई झाले. मग साहेबांनी या खोलीत यायचं कशाला, आणि मी तरी त्यांचं ऐकायचं कुठल्या तोंडाने?" मग त्या डकव्याकडे वळल्या. "लिहायचं काम माझं होतं, ते मी केलंय. पाळायचं त्यांचं आहे. मधलं तुमचं. नातं आड येत असेल तर आत्ता सांगा, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याला पाठवते."

दुसरा म्हणजे कोण, हे डकव्याला ठाऊक होतं. तरणा, तडकफडक, पोलीस घेऊन जाणारा. तो व्याह्यांना ओळखत नव्हता. त्याने पहिल्या झटक्यात, कोर्टाच्या कामात अडथळा आणला म्हणून त्यांचंच नाव लिहिलं असतं, आणि आतला माणूस आतच राहिला असता.

"मीच जातो," तो म्हणाला.

या खेपेला वारा फिरून पाठीवर आला होता, तरी पायडल जड लागत होतं. वाटेत चौकात पिवळं मशीन उभं दिसलं, दोन ट्रकांच्या मागे, वाट मोकळी व्हायची वाट बघत. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर टाकून आरामात बसला होता. त्याला काय, त्यालाही कुणी तरी पाठवलंच होतं. डकव्याच्या मनात आलं, इथेच उतरावं आणि कागद त्याच्या नाकासमोर धरावा. पण हुकूम साहेबांना होता. ड्रायव्हर म्हणाला असता, मला साहेब सांगतील. आणि ते बरोबरच होतं.

वरच्या मजल्यावर जेवणाची वेळ झालेली. बोळ रिकामा. व्याही स्टुलावर नव्हते. दाराला पाठ लावून उभे होते.

"परत आलात?"

"यावं लागलं."

"साहेब अजून—"

"थांबा. सांगू नका. एकदा सांगितलंत की मला लिहावं लागेल, आणि खोटं निघालं तर ते तुमच्या नावावर निघेल."

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "मला कायदा शिकवता? इतकी वर्षं या दारावर काढली. किती साहेब आले नि गेले. सगळ्यांना हेच वाक्य लागतं, साहेब नाहीत. मी बोलतो. पगार त्याचाच आहे."

"मीही लोकांच्या दारात जाऊन तीच तीच वाक्यं बोलतो."

"तुमची लेक माझ्या घरात आहे, व्याही."

डकव्याने मान हलवली. "आहे."

"ते घर या स्टुलाला बांधलेलं आहे. हे गेलं की ते गेलं. धमकी देत नाहीये. तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो."

"विसरलो नाही. सकाळी तेच आठवलं, म्हणून तर परत गेलो." त्याने पिशवीतून कागद काढला. तो दोन्ही हातांनी पुढे धरला. "मशीन चौकात आलंय. ओळीत एक म्हातारा आहे, त्याला कूस बदलता येत नाही. त्याला सूनबाई कुठे घेऊन पळेल? मी जन्मात तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. आता विचारतो ते व्याही म्हणून विचारत नाही, कोर्टाचा माणूस म्हणून विचारतो. साहेब आत आहेत का?"

 व्याह्यांनी पट्टा वर ओढला. बिल्ल्यावर बोट फिरवलं. डकव्याला वाटलं, आता ते नाही म्हणणार, आणि मग मला ते लिहावं लागणार, आणि मग या बोळात आपण दोघं पुन्हा कधी व्याही राहणार नाही.

मग व्याही वळले. दारावर बोटाच्या पेराने टकटक केली, पितळी मूठ फिरवली, दार पूर्ण उघडलं, आणि मोठे पाहुणे आल्यावर लावायचे त्या आवाजात म्हणाले, "साहेब, कोर्टाचे बेलिफ आलेत."

आणि दार धरून, छताकडे बघत उभे राहिले.

साहेब जेवत होते. डबा उघडा, घास हातात. वयाने डकव्याहून बरेच लहान, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी आधी व्याह्यांकडे पाहिलं, खूप वेळ. मग घास खाली ठेवला.

"स्थगिती हुकूम आहे," डकव्या म्हणाला. "ओळीला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंचं ऐकून होईपर्यंत. इथे सही."

"हात खरकटे आहेत."

"धुऊन या. थांबतो मी." थांबायचं नाही हा त्याचा नेम त्या दिवशी मोडला.

साहेब हात धुऊन आले. कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग ते जे बोलले ते रागाने नव्हतं, थकून बोलल्यासारखं होतं. "बेलिफ, मागच्या साली ओळीमागच्या गल्लीत आग लागली, ती माहीत आहे? बंब आत जाईना. दोन माणसं गेली. तेव्हा सभेने ठराव केला. लोकांनी निवडून दिलेली माणसं आहेत ती. वर्षभर भांडून रस्ता ठरवला, आणि एका सकाळी एक बाई लिहितात, थांबा. उद्या परत आग लागली तर पाणी मारायला तुमचं कोर्ट येणार का?"

 ती आग डकव्याने पाहिली होती. जळक्या लाकडांचा वास कितीतरी दिवस त्या बाजूला होता.

"ते मला नाही सांगता येणार साहेब," तो म्हणाला. "ते तिथे येऊन सांगा. बाई ऐकून घेतात. आतापर्यंत तिथे कुणी सांगितलंच नाही."

साहेबांनी पेन शोधलं, सही केली. मग फोन उचलला आणि म्हणाले, "थांबवा." पलीकडून कुणी तरी बराच वेळ बोलत होतं. साहेबांनी डोळे मिटले. "जिथे आहे तिथे थांबवा," ते पुन्हा म्हणाले.

डकव्याचं काम इथे संपलं होतं. सही मिळाली, निघायचं. पण साहेबांचे ते मिटलेले डोळे पाहून त्याने सायकल ओळीकडे वळवली.

मशीन टोकाकडून लागलं होतं. शिलाईवालीची पुढची भिंत गेली होती, अर्धं छप्परही. मागची खोली शाबूत होती. म्हातारा पलंगावर होता आणि गादीवाला त्याच्यावर चादर धरून उभा होता, धूळ पडू नये म्हणून. बाई रस्त्यावर, शिलाई मशीनचं चाक हाताने फिरवून बघत होती. चाक फिरत नव्हतं. वारा विटांची लाल धूळ उचलून सगळ्यांच्या तोंडावर मारत होता. पिवळं मशीन दात वर धरून गप्प उभं होतं.

"थांबलं म्हणाले," ती म्हणाली.

"हो. सही झाली."

"तुम्ही सकाळीच गेला होतात ना? वकील सांगत होते."

"गेलो होतो."

"मग?"

"मग परत आलो."

 तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पदराने चाकावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "जरा सरका. तुमचा पाय रिळांवर आहे."

त्याने पाय उचलला. खाली निळा, पिवळा, तांबडा दोरा उलगडून मातीत पसरला होता. तो वाकला आणि गुंडाळायला लागला. ती नको म्हणाली नाही. अंधार पडायला लागेपर्यंत तो तिथे दोरे गुंडाळत होता, आणि कोर्टाचा माणूस भांडणात पडला म्हणून नाझराने दुसऱ्या दिवशी त्याला झापलं, तेही त्याने ऐकून घेतलं.

पुढे सुनावणी झाली. साहेब स्वतः आले, आग लागली तेव्हाचे फोटो घेऊन. बाईंनी ते एकेक करून पाहिले. निकाल ज्या दिवशी वाचला त्या दिवशी ओळीतले सगळे पुढच्या बाकांवर होते. रस्ता कुठून न्यायचा हे सभेने ठरवायचं, मी नाही, असं बाई म्हणाल्या. माझ्या मनात काय आहे याला इथे जागा नाही. पण माणसाला न ऐकता आणि दुसरं छप्पर न देता त्याचं घर पाडायचं नाही, हे मला सांगावं लागेल. म्हणजे रस्ता होणार, आणि ओळ जाणार, फक्त आधी खोल्या मिळणार. कुणालाच पुरता आनंद झाला नाही. वकील म्हणाला जिंकलो, गादीवाला म्हणाला कुठे?

तो निकाल ओळीत न्यायचं काम डकव्याच्याच वाट्याला आलं. प्रत्येकाच्या हातात दिला. शिलाईवालीने सही केली. सासरा तोवर गेला होता. अंथरुणावर, आपल्या खोलीत. "तेवढं बरं झालं," ती म्हणाली. कुणाबद्दल म्हणाली, ते त्याने विचारलं नाही. तिला खोली मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे शिलाईची कामं कमी आणि उधारी जास्त, असं नंतर कळलं.

व्याह्यांना दारावरून काढलं नाही. तसं कुणी लिहून दिलं नाही. कामाच्या सोयीसाठी म्हणून बदली झाली, शहराबाहेरच्या भंगाराच्या यार्डावर. तिथल्या माणसाला क्वार्टर मिळत नाही. महिनाअखेर दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. जावई काही बोलला नाही. लेकीने मात्र आईकडे निरोप ठेवला, बाबांना म्हणावं, सामान हलवायला येऊ नका, आमचं आम्ही बघतो.

बायकोने तो निरोप भाकरी थापता थापता सांगितला आणि वर म्हणाली, "तुम्ही तुमचं काम केलंत."

"अर्धं," तो म्हणाला.

बरेच दिवस तो गेला नाही. जायचं म्हटलं की पाय दुसऱ्याच गल्लीत वळायचे. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बायकोनेच पिशवी हातात दिली, तिच्यात लेकीसाठी काही कपडे होते. "हे काय कोर्टाचा कागद नाही. नाही घेतलं तर दारावर डकवू नका म्हणजे झालं."

नवी जागा एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पाणी फक्त खाली, अंगणातल्या नळाला, तेही सकाळचं. डकव्या पोचला तेव्हा नळाशी रांग होती आणि रांगेत बनियनवर व्याही, पायाशी दोन बादल्या. बिल्ला नसलेले व्याही त्याने पहिल्यांदा पाहिले.

"या," ते म्हणाले. व्याहीबुवा म्हणाले नाहीत.

"लेक वर आहे?"

"आहे. तिला दिवस गेलेत, जिना झेपत नाही म्हणून वर बसवलंय, खाली येऊ देत नाही. तुम्हाला सांगितलं नसेल. सातवा महिना लागलाय."

डकव्याने मान हलवली, नाही म्हणून. रांग पुढे सरकली. दोघंही पुढे सरकले. नळाची धार बारीक होती, बादली भरायला वेळ लागत होता.

"मी तुमच्यामुळे इथे आलो," तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही माझ्यामुळे. मला म्हणायचं होतं—"

"तुमच्यासाठी नाही उघडलं मी दार." व्याही नळाकडे बघत होते. "एक सांगू? सकाळी तुम्हाला कळलं होतं, आत कोण आहे ते. मला कळलं होतं की तुम्हाला कळलंय. मी वाट बघत होतो, आता विचाराल, आता विचाराल. तुम्ही म्हणालात, मलाही घसा धरल्यासारखं वाटतंय."

"मान राखला तुमचा."

"तेच तर. विचारलं असतंत तर सकाळीच उघडलं असतं." थोडं थांबून ते म्हणाले, "उघडलं असतं असं वाटतं. आता काय, कसंही वाटतं."

पहिली बादली भरली. व्याह्यांनी दुसरी नळाखाली सरकवली. डकव्याने पिशवी खांद्यावर नीट अडकवली आणि भरलेल्या बादलीची कडी धरली.

"तुम्ही नका," व्याही म्हणाले. "मुलीचे वडील आहात."

"मग वर कुणी न्यायची? साहेबांनी?"

व्याह्यांचं हसू नाकातून बाहेर पडल्यासारखं आलं आणि गेलं. "पहिल्या जिन्याची तिसरी पायरी हलते," ते म्हणाले. "जपून."

डकव्याने बादली उचलली. वर नेऊन ठेवायची, रिकामी खाली आणायची, आणि पाणी जायच्या आत पिंप भरायचं होतं.